आधी ब्रेक, मग रंग

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९८५ सालची एक प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षे उभी होती. मेढ्याचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना अकरा पावसाळ्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. वेण्णेच्या खोऱ्यात जूनमध्ये ढग उतरले की ते सप्टेंबरपर्यंत उठायचे नाव घेत नाहीत. कपाटातल्या कपड्यांना जिथे बुरशी येते, तिथे लोखंडाची काय कथा! गाडीच्या तळाचा पत्रा गंजून चाळणीसारखा झाला होता, वायरिंग उंदरांनी खाल्ले होते आणि मागच्या आसनावर शेजारच्या कोंबडीने आपला हक्क कायम केला होता.

गाडी माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही नाना म्हणतो. हायस्कूलमध्ये गणित शिकवण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. ही गाडी त्यांनी जुनी म्हणूनच विकत घेतली होती, मुंबईतल्या एका नातलगामार्फत. २०२३ साली त्यांचे वय एकोणऐंशी होते. कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे निदान होऊन तीन वर्षे झाली होती आणि आई जाऊन दीड वर्ष. या दोन गोष्टींतली नेमकी कोणती त्यांना अधिक गप्प करत होती, हे मला डॉक्टर असूनही सांगता येत नव्हते. कंपवातात चेहऱ्यावरचे भाव मावळतात, आवाज बारीक होतो. शिवाय या आजाराबरोबर नैराश्यही पुष्कळदा येते. घरच्यांना मात्र एवढेच दिसते की माणूस बोलायचा थांबला.

त्या वर्षी ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि त्या गाडीची वीस वर्षे भरली होती. वर्तमानपत्रातली ती बातमी नानांनी दोनदा वाचली, घडी घालून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, ‘‘आपली अजून आहे.’’

पुण्यातल्या माझ्या धाकट्या भावाने भंगारवाल्याचा भाव काढून ठेवला होता. व्यवहार म्हणून त्याचे काही चुकत नव्हते. नानांनी मात्र बँकेची पावती बाहेर काढली. एक लाख वीस हजार रुपये. ‘‘एवढ्यात जे होईल ते,’’ ते म्हणाले. ‘‘यापुढे एक रुपया नाही. आणि हिशेब मी ठेवणार.’’

या गाडीविषयी थोडे सांगायला हवे, कारण आजच्या सत्तरी-ऐंशीच्या वाचकांच्या आयुष्यात ती कुठे ना कुठे आलेली असणारच. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी करार होऊन गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली आणि पुढे सत्तरच्या दशकात तिचेच नाव ‘पद्मिनी’ झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. नवी गाडी हवी तर पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या साताऱ्याचेही या घराण्याशी जुने नाते आहे. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी उभारलेला इंजिनांचा कारखाना पुढे वालचंद समूहाकडेच गेला. जावळीतल्या घराघरांतून माणसे मुंबईला माथाडी कामाला गेली, तशी काही टॅक्सीवरही गेली. त्यामुळे गावाला सणासुदीला येणारी पद्मिनी ही आमच्याकडे चैनीची वस्तू नव्हती. मुंबईच्या कष्टांचा तो काळा-पिवळा पुरावा होता.

गाडी पाहायला गावातले मिस्त्री आले. ते नानांचे विद्यार्थी. गणितात दोनदा नापास झालेले, आणि हे त्या दोघांनाही पक्के आठवते. त्यांनी बॉनेट उघडले, तेलाची पट्टी काढून पाहिली आणि म्हणाले, ‘‘सर, आदी इंजिन फिरवून बघू या का? जित्तं हाय का न्हाई ते तरी कळंल.’’

नाना म्हणाले, ‘‘जी थांबवता येत नाही, ती चालू करून काय करणार? आधी ब्रेक.’’

वाचकहो, दवाखान्यात तीस वर्षे काढल्यावर मला या उत्तरातले शहाणपण फार ओळखीचे वाटले. माझ्याकडे येणारी कितीतरी कुटुंबे याच्या नेमके उलट करतात. आजोबांसाठी महिन्याला दोन हजारांचे टॉनिक आणि प्रथिनांची पावडर येते. पण न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीवर धरायला साधी दांडी नसते. आजींच्या गुडघ्यांसाठी दर महिन्याला नवे तेल येते. पण रात्री शौचालयाकडे जाण्याच्या वाटेवर दिवा नसतो. हे सारे म्हणजे तळ गंजलेल्या गाडीला वरून रंग काढणे होय. खिसा मोठा असेल तर क्रम चुकला तरी निभावते. खिसा लहान असला की क्रम हाच इलाज असतो.

मी नानांपुढे एक अट ठेवली. ‘‘गाडीचा तुमचा क्रम मला मान्य. पण तोच नियम याच पैशांत आपल्या घरालाही लावायचा.’’ त्यांनी बराच वेळ विचार केला. त्यांच्या आजारात विचारालाही वेळ लागतो. समोरच्याने वाक्य पूर्ण करून देण्याची घाई करू नये, हे मी तीन वर्षांत शिकलो आहे. शेवटी ते म्हणाले, ‘‘लिही.’’

मग वहीत दोन स्तंभ पडले. गाडीच्या स्तंभात पहिली ओळ ब्रेकची: नवे लायनर, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे रबर, गंजलेल्या नळ्या, ब्रेक ऑइल, ड्रम लेथवर घेण्याची मजुरी, मिळून ११,४०० रुपये. दुसरी ओळ स्टिअरिंगच्या सांध्यांची, ५,६००. तिसरी टायरची, १३,६००; कारण टायरची नक्षी शाबूत दिसली तरी इतक्या वर्षांत त्याचे रबर कडक होऊन चिरा पडतात. त्यानंतर वायरिंग आणि दिवे. घराच्या स्तंभात न्हाणीघरातल्या दांड्या, घसरू नये असा पृष्ठभाग, उंच बैठकीचा कमोड आणि वाटेवरचे रात्रदिवे, सारे मिळून ९,६००. इंजिन गाडीच्या यादीत पाचवे होते. रंग यादीतच नव्हता.

सुटे भाग मिळवणे हा एक निराळाच उद्योग होता. काही मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आले, काही पुण्याहून. एक खाच पडलेला भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरातून हुबेहूब घडवून आणला. तिथल्या कारागिरांच्या हातांविषयी मी फार ऐकले होते. ते खोटे नाही. या सगळ्यांना फोन नानाच करत. त्यांचा आवाज बारीक, समोर यंत्रांची घरघर. फोनवरचा दुकानदार दहादा ‘‘काय म्हणता?’’ विचारी आणि नाना दहाव्या वेळी वर्गात बोलत तसे खणखणीत बोलत. कंपवाताच्या रुग्णांना वाचा-उपचारतज्ज्ञ मुद्दाम मोठ्याने बोलण्याचा सराव देतात. आमच्याकडे तो सराव एका कार्ब्युरेटरच्या संचासाठी झाला.

जुन्या गाडीच्या कामात आरोग्याचे धोके बरेच असतात आणि ते फारसे कुणी सांगत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. घरी कुणी निवृत्त गृहस्थ अशा कामात हात घालत असतील, तर हा भाग त्यांना वाचून दाखवावा.

बंद पडलेल्या गाडीत उंदीर हमखास असतात. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि हातावर साधी चीर असली तरी जंतूंना तेवढी वाट पुरते. आम्ही रबरी हातमोजे घातले, आधी जंतुनाशकाचे पाणी शिंपडले, मग घाण पुसून काढली. कोरडे झाडले नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर तिचे परिणाम काही दशकांनी दिसतात. ड्रम उघडल्यावर हवेच्या दाबाने धूळ उडवण्याची गॅरेजची जुनी सवय आहे. आमच्या शेडमध्ये तिला बंदी होती, ओल्या फडक्यानेच पुसायचे. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. तो कोरडा घासू नये, आणि घासणाराच्या कपड्यांशी नातवंडांनी खेळू नये.

टाकीतले पेट्रोल काढताना नळी तोंडात धरून ओढणे हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्याचे कुणाला काही वाटत नाही. पेट्रोलचा एखादा घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला रासायनिक सूज येते. खोकला सुरू होतो, काही तासांत धाप वाढते. अशा वेळी उलटी करवू नये, कारण तीतूनही पेट्रोल पुन्हा फुप्फुसात जाते. थेट रुग्णालय गाठावे. ज्यांना आधीच गिळताना ठसका लागतो अशा वृद्धांनी तर नळीला तोंड लावूच नये. हाताने दाबायचा पंप दीड-दोनशे रुपयांत मिळतो. बॅटरीचे आम्ल डोळ्यात उडाले तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि मगच दवाखान्याकडे निघावे.

सगळ्यांत मोठा धोका मात्र दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. डोके दुखते, मळमळते, आणि माणूस ‘पित्त झाले’ म्हणून तिथेच बसून राहतो. आमच्या शेडची दोन्ही दारे उघडी राहतील आणि गाडीचे तोंड भिंतीकडे राहील, अशी व्यवस्था केल्यावरच मी इंजिनाला परवानगी दिली.

वासावरून एक गोष्ट आठवली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. टाकी धुऊन बसवल्यावर नाना तिच्याशेजारी स्टुलावर बसून जोडण्यांची यादी तपासत होते. मी दवाखान्यातून आलो तो शेडच्या दारातच मला पेट्रोलचा भपकारा आला. एका जोडणीतून थेंब गळत होते आणि खाली ओला डाग पसरला होता. नानांना कसलाच वास आला नव्हता. कंपवातात वास ओळखण्याची शक्ती पुष्कळदा हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधीच कमी होते. नुसत्या उतारवयानेही ती मंदावते. रुग्ण याची तक्रार करत नाही, कारण न येणाऱ्या वासाची आठवण कुणाला होते? आपल्या घरातली वयस्कर माणसे दुपारी एकटी असतील तर स्वयंपाकघरातला गॅस गळतोय हे त्यांना कळेल का, याची एकदा खात्री करून घ्यावी. डोळे मिटायला सांगून कॉफी, लवंग, हिंग नाकाशी धरून पाहावे. वास कळत नसेल तर गॅस-गळतीची सूचना देणारे यंत्र बसवून घ्यावे. ते फार महाग नसते. आमच्याकडे त्या दिवसापासून नियम झाला: इंधनाच्या नळ्यांचे काम नाना एकट्याने बघणार नाहीत. नळ्याही साऱ्या बदलल्या. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुन्या काळचे रबर ते सोसत नाही. मऊ पडून चिरते. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावे ठेवता येत नाहीत, नळीच बदलायची.

वासाची कसर भरून निघण्यासारखी नव्हती. कानाचे तसे नव्हते. श्रवणयंत्र घ्या म्हणून मी दोन वर्षे नानांच्या मागे होतो आणि त्यांचे उत्तर ठरलेले असे, ‘‘आता ऐकण्यासारखं काय उरलंय?’’ आई गेल्यानंतरच्या या वाक्यावर मुलाने काय बोलावे?

जानेवारीत इंजिन प्रथम चालू झाले. त्याआधी प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडले, आठवडाभर मुरू दिले, आणि मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून आम्ही तिघांनी ती पुढे-मागे ढकलून इंजिन मोकळे केले. पहिल्यांदा ते खोकले, दुसऱ्यांदा निळा धूर सोडून थरथरत उभे राहिले. मिस्त्री कान देऊन म्हणाले, ‘‘सर, टॅपेट वाजत्यात. ऐका, टकटक टकटक.’’

नानांनी मान तिरकी केली. त्यांना इंजिनाची घरघर ऐकू येत होती, टकटक येत नव्हती. वयाबरोबर कान जातात ते आधी बारीक, टिपेच्या आवाजांना. त्यामुळे घरातल्यांचे बोलणे कानावर पडते, पण शब्द कळत नाहीत. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिले, मग माझ्याकडे. रात्री जेवताना म्हणाले, ‘‘ते यंत्र केवढ्याला पडेल?’’ साताऱ्यात श्रवणतज्ज्ञांकडून तपासणी करून २४,००० रुपयांचे एक यंत्र घेतले. वहीच्या घराच्या स्तंभात त्याची नोंद होणार अशी माझी समजूत होती. नानांनी ती गाडीच्या स्तंभात केली.

आता त्या वहीविषयी. कंपवातात अक्षर बारीक होत जाते. ओळीची सुरुवात बरी होते आणि शेवटाकडे अक्षरे मुंगीएवढी होतात. नानांनी सुरुवातीला कोरी वही घेतली होती. तिच्यातले त्यांनाच वाचता येईना. तेव्हा माझ्या पत्नीने, ती प्राथमिक शाळेत शिकवते, लहान मुलांची दुरेघी वही आणून दिली. दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवायचे म्हटल्यावर ते पुन्हा मोठे झाले. डोळ्यांना खूण मिळाली की हात तिच्या मागे जातो. याच कारणाने, चालताना ज्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात त्यांच्यासाठी फरशीवर रेघा आखल्या तर पाय उचलला जातो. आमच्या शेडमध्ये मिस्त्रींनी चाके सरळ बसवण्यासाठी जमिनीवर खडूने पट्टे मारले होते. दारात अडखळणारे नाना त्या पट्ट्यांवरून एकेक पाऊल मोजत थेट बॉनेटपर्यंत जात. मिस्त्रींना हे लक्षात आले तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता घराच्या पायरीपासून शेडपर्यंत पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढून दिले. मजुरी घेतली नाही.

दुरेघी वहीतही अक्षर रोज सारखे नव्हते. नोंदीपुढे वेळ लिहिण्याची शिक्षकी सवय असल्यामुळे मला एक गोष्ट दिसू लागली. सकाळी नऊ ते अकराच्या नोंदी ठळक, टपोऱ्या. साडेबाराच्या नोंदी रेघा असूनही आक्रसलेल्या. दुपारी तीननंतर पुन्हा बऱ्या. कंपवातासाठी दिल्या जाणाऱ्या लेव्होडोपा या औषधाचा परिणाम जसजशी वर्षे जातात तसतसा लवकर ओसरू लागतो, आणि दोन गोळ्यांच्या मधली पोकळी नेमकी कुठे आहे हे तज्ज्ञाला कळावे लागते. तपासणीच्या पंधरा मिनिटांत ते दिसेलच असे नाही. त्यातून रुग्ण डॉक्टरसमोर सावरून बसतो. मी वहीची बारा पाने घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ती एखाद्या आलेखासारखी पाहिली आणि दिवसाच्या मात्रेची विभागणी बदलली: तीनऐवजी चार वेळा, प्रत्येक वेळी थोडे कमी. दूध, डाळ, अंडी यांतील प्रथिने या औषधाच्या आड येतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास. पंधरा दिवसांत साडेबाराच्या नोंदी सुधारल्या. हे वाचून कुणीही औषधाच्या वेळा आपल्या मनाने बदलू नयेत. मात्र घरी कंपवाताचा रुग्ण असेल तर रोज दोन-तीन वेळा चार ओळी लिहून घ्याव्यात, वेळ टाकावी आणि ते कागद डॉक्टरांना दाखवावेत.

इथवरचे सारे गोडच वाटेल. पण फेब्रुवारीत नानांनी माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. त्यांच्या वाहन परवान्याची मुदत मार्चमध्ये संपत होती. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला नूतनीकरणासाठी नमुना १-अ मधले वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. दिवसाउजेडी पंचवीस मीटरवरची नंबरपाटी वाचता येते का, हॉर्नसारखे आवाज ऐकू येतात का, रातांधळेपणा आहे का, हातापायांत काही दोष आहे का, असे प्रश्न त्यात असतात. नाना म्हणाले, ‘‘मोतीबिंदू काढलेला आहे. कानाला यंत्र आहे. सही कर.’’

मी सही केली नाही. बापाच्या कागदावर मुलाने सही करू नये हे एक कारण. आणि खरे कारण ते दोघांनाही ठाऊक असलेले. मी त्यांना साताऱ्यातल्या माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे पाठवले आणि मी स्वतः बाहेर बसलो. सहकाऱ्याने कागदावरचे सारे तपासले आणि कागदापलीकडचेही. मान दोन्ही बाजूंना किती वळते. उजवे पाऊल एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर, किती झटकन जाते. एकीकडे पाऊल हलवत असताना शंभरातून सात-सात वजा करत जाता येते का. वजाबाकी बिनचूक झाली. पाऊल मात्र प्रत्येक वजाबाकीला थांबत होते. सहकारी म्हणाले, ‘‘सर, मी तुम्हाला परवाना देऊ शकत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर दिला असता का?’’

नाना परतीच्या वाटेवर बोलले नाहीत. पुढचे चार दिवसही नाही. शेडकडे गेले नाहीत. मिस्त्री येऊन परत गेले. त्या चार दिवसांत मला दोनदा वाटले की आपण एका माणसाला पुन्हा उभे केले ते केवळ जोराने खाली बसवण्यासाठी.

वयस्कर माणसाचे गाडी चालवणे थांबवण्याचा प्रसंग पुष्कळ घरांत येतो. गाडीवर नवे ओरखडे दिसू लागणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, शेजारी बसणाराने भीतीने दांडी पकडणे, या खुणा वेळीच ओळखाव्यात. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. कंपवाताच्या काही औषधांनी तर बसल्या जागी अचानक झोप लागू शकते, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. मधुमेहींच्या साखरेचे अचानक उतरणेही लक्षात ठेवावे. किल्ली लपवणे हा उपाय स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णापुरता ठीक आहे. बुद्धी शाबूत असलेल्या माणसाची किल्ली लपवणे हा त्याचा अपमान होतो. ‘नाही’ हे घरच्या माणसाने न सांगता त्रयस्थ डॉक्टरने सांगितलेले बरे. आणि ते सांगण्याआधी, बँकेत, मंडईत, देवळात, मित्राकडे त्यांना कोण नेणार, कोणत्या वारी, याची सोय ठरलेली असावी. किल्लीबरोबर माणसाचे जाणे-येणेच काढून घेतले तर तो घरात बसतो, आणि बसलेला म्हातारा लवकर पडतो.

पाचव्या दिवशी सकाळी नाना स्वयंपाकघरात आले आणि माझ्या पत्नीला म्हणाले, ‘‘तू शिकशील का? हा गिअर खातो.’’ ‘हा’ म्हणजे मी. त्यात तथ्य आहे. स्टिअरिंगखालचा गिअर माझ्या हाताला कधी जमला नाही.

‘‘नाना, मला जमेल का या वयात?’’ ती म्हणाली. ती एक्कावन्नची आहे.

‘‘दुरेघी वही आण,’’ नाना म्हणाले.

पुढचे दोन महिने शाळा सुटल्यावर मैदानात धडे चालले. नाना डाव्या बाजूला पट्टा बांधून बसत. (असल्या जुन्या गाडीला मागचे पट्टे नसतात, पुढचे दोन आम्ही नवे बसवले आणि मागे कुणाला बसवायचे नाही असे ठरवले.) गिअर कोणत्या खाचेत, क्लच किती, चढावर थांबून पुन्हा निघायचे कसे, हे वहीत आकृत्यांसह लिहिलेले होते. क्लच-ब्रेकचा हिशेब सांगताना त्यांचा आवाज मैदानाच्या कडेपर्यंत येई. तिने पहिल्यांदा केळघरच्या रस्त्याला गाडी नीट नेऊन आणली, त्या दिवशीची नोंद दीड पान आहे आणि तिच्यात स्तुतीचा एक शब्द नाही. तीन चुका मात्र क्रमांकाने आहेत.

पुनर्नोंदणी, थकलेला पर्यावरण कर, दंड आणि विमा यांचे पैसे मी भरले. त्याची नोंद वहीत नाही आणि नानांनी ती विचारलीही नाही. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. २०२१ पासून ‘व्हिंटेज’ म्हणून जी वेगळी नोंदणी मिळते ती पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना; आमची पद्मिनी त्या मानाने तरुण ठरते.

सर्वांनी जुन्या गाड्या काढाव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. कुणाकडे शिवणयंत्र असेल, कुणाकडे बंद पडलेला रेडिओ, विहिरीवरचे इंजिन, आजोबांची सायकल. ‘काहीतरी छंद लावून घ्या’ असे आम्ही डॉक्टर चिठ्ठीच्या शेवटी फुकट सांगतो. मला तो सल्ला फारसा आवडत नाही. वेळ घालवण्यासाठी दिलेले काम म्हाताऱ्या माणसाला लगेच ओळखू येते. आमच्याकडे नानांचे पैसे होते, नानांचा निर्णय होता, आणि तो चुकला असता तर गाडी खरोखरच भंगारात गेली असती. त्यांचा आजार पुढे सरकतोच आहे. उजव्या हाताचा कंप आता डाव्यातही उतरला आहे. दर तीन महिन्यांनी आम्ही तज्ज्ञांकडे जातो. पद्मिनीने जातो, आणि माझी पत्नी चालवते. मी मागून बसने येतो, कारण मागच्या आसनाला पट्टा नाही.

वहीप्रमाणे एकूण खर्च १,१६,१०० रुपये झाला. शिल्लक ३,९००. तेवढ्यात वायपरची मोटर दुरुस्त होते किंवा मागच्या दाराच्या पायरीला कठडा बसतो. दोन्ही होत नाही. माझे मत कठड्याला आहे. नानांचे म्हणणे, पाऊस आठ दिवसांवर आला आहे आणि वायपरशिवाय गाडी म्हणजे ब्रेकशिवाय गाडी. पत्नी तटस्थ आहे. रविवारी मिस्त्री येतील, तेव्हा ठरेल.